मलेरिया होऊन गेलाय, रक्त देता येईल का? पात्रता, कागद आणि नेमकं अडतं कुठे

रक्तदान शिबिरात फॉर्म भरून घ्यायच्या टेबलावर मी दरवर्षी बसतो. पंधरा ऑगस्ट आणि गणपती म्हणजे शिबिरांचा हंगाम, आणि मलेरियाचाही नेमका तोच. त्यामुळे परत पाठवलेल्या माणसाचा राग डॉक्टरांच्या आधी टेबलावर निघतो.

साध्या अटी आधी उरकू. वय 18 ते 65 (पहिल्यांदाच देत असाल तर 60 पर्यंत), वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5, आधीच्या रक्तदानाला पुरुषांचे 90 आणि बायकांचे 120 दिवस झालेले. फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा आणि उपाशीपोटी येऊ नका. यात फारसं कुणी अडत नाही.

अडतं ते फॉर्मवरच्या बारीक अक्षरातल्या एका प्रश्नाशी: मलेरिया झाला होता का? आपल्याकडचा नियम सांगतो की पूर्ण बरं झाल्यावर तीन महिने थांबायचं. लोक मोजतात रिपोर्टच्या तारखेपासून. गेल्या खेपेला एक मुलगा आला, 2 जूनचा पॉझिटिव्ह रिपोर्ट मोबाइलमध्ये दाखवत. शिबिर 5 सप्टेंबरचं. ‘‘तीन महिने होऊन तीन दिवस वर झाले, काका.’’ मी म्हटलं, गोळ्या कधी संपल्या ते सांग. व्हायवॅक्स या प्रकारच्या मलेरियात क्लोरोक्विनची गोळी तीन दिवस असते, पण प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावी लागते. म्हणजे त्याचा कोर्सच जूनच्या मध्यावर संपला, तीन महिने सप्टेंबरच्या मध्यावर भरणार. बिचारा हिरमुसला.

त्या चौदा दिवसांच्या गोळ्यांचीच खरी गोम आहे. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, तोंड कडू पडलेलं असतं, उरलेली पाकिटं कपाटात जातात. व्हायवॅक्सचे जंतू मात्र यकृतात दडून बसतात आणि काही महिन्यांनी पुन्हा रक्तात उतरतात. कोर्स अर्धवट सोडला असेल तर तीन महिने मोजण्यात अर्थ नाही. आधी डॉक्टरांकडे जा आणि तिथे हे कबूल करा.

आता कागद. मलेरियाचा जुना रिपोर्ट कुणाकडेच नसतो. लॅबची चिठ्ठी पावसात भिजते नाहीतर पुसट होते, नाक्यावरच्या डॉक्टरांची चिठ्ठी मेडिकलवाल्याकडेच राहते. तेव्हा आजारी असतानाच दोन्हींचे फोटो काढून ठेवा आणि शेवटची गोळी घेतली ती तारीख लिहून ठेवा. काहीच नसेल तर आठवेल ते सांगा: कुठला महिना, किती दिवस ताप, गोळ्या कसल्या. ‘व्हायरल होता, मेडिकलमधून गोळ्या आणल्या’ हेही सांगायचं. थंडी वाजून, घाम फुटून उतरणारा ताप तपासलाच नसेल, तर तो मलेरिया नव्हता हे कुणी ठरवलं?

‘‘पण रक्तपेढी तपासतेच ना?’’ तपासते. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग (सिफिलिस) आणि मलेरिया, या पाच तपासण्या सक्तीच्या आहेत. पण हिशेब करून बघा. सूक्ष्मदर्शकाखाली सराईत डोळ्यालाही साधारण दर मायक्रोलिटरला 50 जंतू असले तरच ते भरवशाने दिसतात, झटपट तपासणीच्या किटला त्याहून जास्त लागतात. पिशवीत 350 मिली रक्त, म्हणजे साडेतीन लाख मायक्रोलिटर. दर मायक्रोलिटरला एकच जंतू असला तरी पिशवीत साडेतीन लाख जंतू, आणि रिपोर्ट निगेटिव्ह. रक्त 2 ते 6 अंशांवर ठेवतात, तेवढ्या थंडीने ते काही लगेच मरत नाहीत. म्हणून त्या बारीक अक्षरातल्या प्रश्नाचं तुमचं उत्तर हीच खरी चाळणी.

आणि तिथेच लोक खोटं बोलतात. घरचा माणूस आत, बाहेर कुणीतरी म्हणतं ‘डोनर आणा’, मग भाऊजी कशाला सांगतील की आषाढात ताप होता? त्यांना मी दोष देत नाही. दोष द्यायचा तर जे रांगेत सगळ्यांसमोर मोठ्याने ‘मलेरिया, कावीळ, गुप्तरोग?’ असं एका दमात विचारतात त्यांना द्या. आजूबाजूला शेजारीपाजारी असताना कोण हो म्हणेल? डॉक्टरांशी बाजूला बोलायचंय, असं सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. परत पाठवलं तर कारण आणि पुन्हा कधी यायचं ती तारीख चिठ्ठीवर लिहून मागा. नुसतं ‘आज नको’ ऐकून गेलेला माणूस पुढच्या वर्षीही येत नाही, हे मी पाहिलंय.

ज्यांना रक्त चढवलंय त्यांच्या घरच्यांसाठी एक कागद सांगतो, जो जवळजवळ कुणीच मागत नाही: पिशवीचा नंबर. डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा नुसतं ‘दोन पिशव्या दिल्या’ एवढंच असतं. क्रॉसमॅचच्या, म्हणजे रुग्णाचं आणि पिशवीतलं रक्त जुळवून पाहिल्याच्या, चिठ्ठीवर नंबर असतो, तिचा फोटो घ्या. पुढच्या काही आठवड्यांत थंडी-ताप आला तर डॉक्टरांना आधी सांगा की रक्त चढवलं होतं, मलेरिया तपासा, आणि रक्तपेढीला नंबर कळवा. त्या नंबरावरूनच दात्यापर्यंत पोचता येतं आणि त्याच्याही अंगातला मलेरिया सापडतो. ऑपरेशननंतरचा ताप म्हणून आठवडाभर अँटिबायोटिक चालू राहण्यापेक्षा हे बरं.

अमेरिकेत असलेल्यांचा प्रश्न वेगळा, तरी दरवेळी येतो म्हणून लिहितो. तिथे मलेरिया होऊन गेला असेल तर तीन महिने नव्हे, तीन वर्षं लक्षणांशिवाय जावी लागतात. मलेरिया कधीच झाला नसला, पण भारतात सलग पाच वर्षं किंवा जास्त राहून तिकडे गेला असाल, तरी तीन वर्षं थांबायचं. या तीन वर्षांत दिवाळीला पुण्याला येऊन गेलात की मोजणी त्या भेटीपासून पुन्हा शून्यावर. सलग तीन वर्षं तिकडे काढल्यावर मग भारतभेटीनंतर फक्त तीन महिने. पासपोर्टवरचे शिक्के बघून परतीची तारीख आधीच काढून ठेवा, कारण तिथेही पहिला प्रश्न तोच असतो: भारतातून कधी आलात?