पत्रा कुठवर ताण सोसतो: तपासणी यंत्रांची पार्श्वभूमी

प्रेसखाली पत्रा फाटला की पहिला वाद ठरलेला: दोष डायचा (ज्यात पत्रा दाबून आकार देतात त्या साच्याचा) की पत्र्याचा? साध्या ताण-चाचणीवरून याचा निकाल लागत नसे. तिथे पट्टी एकाच दिशेने ओढतात, प्रेसमध्ये पत्रा एकदम दोन दिशांनी ताणला जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ए. एम. एरिक्सन यांनी यावर यंत्र काढले.

पत्र्याचा तुकडा 27 मिमी भोकाच्या डायवर आवळायचा आणि 20 मिमी व्यासाचा गोल टोकाचा पंच, म्हणजे दट्ट्या, हळूहळू त्यात रेटायचा. पत्रा घुमटासारखा फुगतो, पातळ होतो, तडकतो. तड्यातून उजेड दिसला की थांबायचे. पंच जितके मिलिमीटर आत गेला तो एरिक्सन अंक. पण नुसता अंक लिहून तुकडा फेकून देऊ नये. तडा घुमटाभोवती गोल गेला असेल तर पत्रा सगळ्या दिशांना सारखा. सरळ रेषेत गेला असेल तर लाटणीच्या (रोलरखालून पत्रा काढल्याच्या) दिशेने गुण बदललेले. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत झाला असेल तर धातूचे कण मोठे आहेत.

अमेरिकेत ओल्सेन यांची अशीच चाचणी रुळली. तिच्या पंचाचा व्यास वेगळा, त्यामुळे दोन्हींचे अंक थेट ताडून पाहता येत नाहीत.

या चाचण्यांत पत्रा मुख्यतः ताणलाच जातो. पंचाने पत्रा डायमध्ये ओढून खोल भांडे घडवताना मात्र कडेचा पत्राही आत सरकतो. त्यासाठी स्विफ्ट यांची चाचणी आली: सपाट तोंडाचा पंच, आणि क्रमाने मोठ्या होत जाणाऱ्या गोल चकत्या. न फाटता ओढली गेलेली सर्वांत मोठी चकती पंचाच्या व्यासाच्या किती पट, हे त्यात पाहतात. चांगल्या पोलादी पत्र्यात हा आकडा 2 च्या आसपास असतो.

खरी कलाटणी मला 1960च्या दशकातली वाटते. स्टुअर्ट कीलर यांनी पत्र्यावर बारीक वर्तुळे उमटवून तो ताणला. वर्तुळांची लंबवर्तुळे झाली आणि प्रत्येक ठिकाणी कोणत्या दिशेला किती ताण गेला ते मोजता आले. एका दिशेला ताण आणि दुसरीला आकुंचन, ही बाजू 1968 मध्ये गुडविन यांनी जोडली. त्यातून फॉर्मिंग लिमिट आलेख तयार झाला: त्यातल्या रेषेखाली पत्रा टिकतो, वर गेला की फाटतो. ही रेषा काढण्यासाठी नाकाजिमा यांनी अर्धगोल पंचाखाली वेगवेगळ्या रुंदीच्या पट्ट्या घेतल्या. मार्सिनियाक यांनी सपाट पंच वापरून मोजणीच्या भागाला घर्षणापासून दूर ठेवले. आयएसओ 12004 या आंतरराष्ट्रीय मानकात या दोन्ही पद्धती आहेत.

आता वर्तुळांऐवजी पत्र्यावर रंगाचे बारीक ठिपके फवारतात आणि दोन कॅमेरे त्यांची हालचाल टिपतात. आलेली कॉइल (पत्र्याची गुंडाळी) घ्यायची की परत पाठवायची, हे ठरवायला मात्र आजही एरिक्सनचा घुमट काढतात, कारण त्याला काही मिनिटेच लागतात.