ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन प्रदूषके : जमिनीतील व भूजलातील वर्तन

बेंझीनचे षट्कोनी वलय ज्यांच्या रेणूत असते अशी हायड्रोकार्बने (कार्बन व हायड्रोजन यांची संयुगे). पेट्रोल, डिझेल, कच्चे तेल आणि कोळशाचे डांबर हे त्यांचे मुख्य स्रोत. जमिनीत शिरल्यावर त्यांचे काय होणार हे बरेचसे वलयांच्या संख्येवर ठरते. 25° से. तापमानाला एक लिटर पाण्यात एका वलयाचे बेंझीन सुमारे 1.8 ग्रॅम विरघळते. कपाटातल्या डांबरगोळ्यांचे नॅप्थॅलीन दोन वलयांचे. ते जेमतेम 30 मिग्रॅ. विरघळते. पाच वलयांचे बेंझोपायरीन तर एका मिलिग्रॅमच्या काही हजारांश भागाइतकेच. जे पाण्यात उतरत नाही ते मातीतल्या ह्यूमसला (कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याला) चिकटते. त्यामुळे बेंझीन विहिरीपर्यंत पोहोचते आणि बेंझोपायरीन पडल्या जागी वर्षानुवर्षे राहते. दोन्ही कर्करोगकारक आहेत, पण दोघांचा शोध एकाच पद्धतीने घेता येत नाही.

पेट्रोलसारख्या मिश्रणातून पाण्यात किती बेंझीन उतरेल हे मिश्रणातल्या त्याच्या वाट्यावर अवलंबून असते. भारतात पेट्रोलमध्ये ते जास्तीत जास्त 1 टक्का चालते. तेवढ्यानेही पेट्रोलला लागून असलेल्या पाण्यात लिटरमागे 18 मिग्रॅ.च्या आसपास बेंझीन येऊ शकते. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे 0.01 मिग्रॅ. भूमिगत टाकीची बारीक गळती किरकोळ मानू नये ती यासाठीच. पेट्रोल पाण्याहून हलके असल्याने भूजलाच्या पृष्ठावर तरंगते. कोळशाचे डांबर जड असल्याने तळाशी जाते आणि ते शोधणे फार कठीण होते.

या साऱ्याचा सर्वांत बारकाईने अभ्यास झालेल्या ठिकाणांपैकी एक म्हणजे अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातले बेमिजी. ऑगस्ट 1979 मध्ये तेथे तेलवाहिनी फुटून सुमारे 17 लाख लिटर कच्चे तेल सांडले. सफाईनंतरही 4 लाख लिटरच्या आसपास तेल वाळूत उरले. 1983 पासून तेथे संशोधन चालू आहे. 1996 पर्यंत तरंगते तेल सुमारे 40 मीटर सरकले होते, तर पाण्यात विरघळलेले प्रदूषण सुमारे 200 मीटर. ते आणखी लांब गेले नाही याचे मोठे श्रेय जीवाणूंना जाते. तेलाजवळचा ऑक्सिजन लवकर संपतो. मग जीवाणू त्याच्याऐवजी नायट्रेट, मँगॅनीज, लोह आणि सल्फेट वापरून हायड्रोकार्बने मोडतात. हेही संपले की मिथेन तयार होऊ लागतो. टोल्यूईन हे एका वलयाचे दुसरे हायड्रोकार्बन ऑक्सिजनविना बरे मोडते, बेंझीन मात्र चिवट असते.

बेमिजीत वाळूच्या कणांवरचे लोह हा जीवाणूंचा मोठा आधार होता, पण तो साठा अमर्याद नव्हता. तेलाजवळचे लोह खर्च होत गेले तसा प्रदूषित पट्टा हळूहळू पुढे सरकला. शिवाय लोह विरघळताना त्याला धरून बसलेले नैसर्गिक आर्सेनिकही पाण्यात मोकळे झाले. तेलात नसलेले विष तेलामुळे पाण्यात आले, ही या स्थळाने दिलेली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची माहिती.

बहुवलयी संयुगांची गोष्ट वेगळी. काळ लोटतो तशी ती मातीच्या सूक्ष्म छिद्रांत खोल जाऊन बसतात आणि जीवाणूंच्या हाती लागत नाहीत. प्रयोगशाळेत द्रावकाने ती बाहेर काढता येतात. म्हणून माती-तपासणीच्या अहवालातला आकडा मोठा असला तरी त्यातला गांडुळाला किंवा मुळांना भिडणारा भाग लहान असू शकतो.

बेमिजीचे निष्कर्ष महाराष्ट्राला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. येथील बहुतांश भूभागाखाली बेसाल्ट आहे आणि त्यात पाणी मुख्यतः भेगा, सांधे आणि झिजलेल्या थरांतून वाहते. भेगांत ह्यूमस जवळजवळ नसतो, त्यामुळे प्रदूषकाला अडवणारे फारसे काही उरत नाही. पावसाळ्यात भूजल वर चढते, उन्हाळ्यात खोल जाते. त्याच्याबरोबर वरखाली होणारे तेल मधल्या सबंध थराला माखते आणि पुढच्या प्रत्येक पावसाळ्यात त्या थरातून थोडेथोडे बेंझीन पुन्हा पाण्यात येत राहते.