वारा निसटतो, आवाज अडकतो

अर्ध्या मोसंब्याची साल टेबलावर पालथी ठेवा आणि माथ्यावर तळहाताने हळूहळू दाबा. साल फाटते ती खालच्या कडेला, आणि तिथून भेगा वर चढतात. अमेरिकेत काही शाळांनी उचललेल्या अर्धगोल काँक्रीट घुमटाचंही तसंच. स्वतःच्या वजनाखाली माथ्यापासून (केंद्रातून मोजल्यास) साधारण ५२ अंशांपर्यंतचा भाग सगळ्या बाजूंनी दाबला जातो. त्याखालची आडवी कडी मात्र बाहेर पसरू पाहतात. काँक्रीट दाब झेलतं, ताण त्याला सोसत नाही. रोमच्या पॅन्थिऑनचा ४३ मीटर व्यासाचा घुमट सळईविना सुमारे १९०० वर्षं उभा आहे, पण खालच्या भागात उभ्या भेगा त्यालाही पडल्यात.

आता त्या पट्ट्यात सळई भरतात. बांधायची रीत तर मजेशीर आहे. गोल पायावर कापडाचा भलामोठा फुगा पंख्याने फुगवायचा आणि आत शिरून काम करायचं. आधी पॉलियुरेथेन फोमचा फवारा, फोम घट्ट झाला की त्याला सळयांची जाळी, मग थरावर थर शॉटक्रीट, म्हणजे नळीतून जोरात फवारलेलं काँक्रीट. सेंटरिंगची कटकटच नाही; फुगा बाहेरून कायमचा राहतो. अमेरिकेत आयडाहोमध्ये डेव्हिड साउथ आणि त्यांच्या भावांनी १९७६ साली असा पहिला घुमट बांधला, तोही बटाटे साठवायला!

शाळांनी तो उचलला वाऱ्यामुळे. २० मे २०१३ रोजी ओक्लाहोमातल्या मूर गावी टॉर्नेडोने एक प्राथमिक शाळा जमीनदोस्त केली. सात मुलं गेली. सपाट छपराला वारा वर खेचतो आणि भिंत-छपराचा सांधा उखडला की सगळंच जातं. एकसंध घुमटात तो सांधाच नसतो, अन् वाऱ्याला धरायला कोपराही मिळत नाही. टेक्सासमधल्या एडना, वुड्सबरोसारख्या गावांत सरकारी आपत्ती निधीतून शाळांचे घुमट उभे राहिले: एरवी व्यायामशाळा, वादळात निवारा.

वर्ग भरवायला मात्र मला हा आकार तितकासा पटत नाही. गोल भिंतीला सरळ कपाट टेकत नाही, हा किरकोळ त्रास. खरा त्रास आवाजाचा. विजापूरच्या गोलघुमटात टाळी वाजवली की ती पुन्हापुन्हा ऐकू येते. सहलीत त्याची गंमत वाटते, गणिताच्या तासाला नाही. अंतर्वक्र पृष्ठभाग आवाज विखरू न देता एकवटतो, त्यामुळे एका टोकाची कुजबुज भलत्याच बाकावर पोचते. आतून ध्वनिशोषक थर द्यावाच लागतो, आणि वर्गांमधल्या भिंती छतापर्यंत न्याव्या लागतात. अर्धवट सोडल्या, तर शेजारचे पाढे वरून उतरतात.