चक्कर येऊन पडले म्हणजे "अशक्तपणा" नव्हे

म्हातारं माणूस शुद्ध हरपून पडलं की घरोघरी एकच वाक्य, अशक्तपणा आलाय, साखर भरवा नाहीतर सलाईन लावून आणा. आमच्या आजीचं पण तेच झालं, चार महिन्यात तीनदा पडली, दोनदा सलाईन लावून घरी, तिसऱ्यांदा कपाळाला टाके पडले तेव्हा कुठे एका डॉक्टरांनी २४ तासांचं होल्टर, म्हणजे हृदयाचे ठोके सतत नोंदवणारं यंत्र लावलं, छातीला चिकटपट्ट्या आणि कमरेला छोटी डबी, आणि त्यात दिसलं की हृदयाचे ठोके मधेच काही सेकंद थांबतायत. पेसमेकर बसवला, त्यानंतर पडली नाही.

वारंवार शुद्ध जात असेल तर ईसीजी काढाच, आणि बीपी झोपवून मोजा, मग उभं केल्यावर ३ मिनिटांत परत मोजायला सांगा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर उभं राहताना मेंदूला रक्त कमी पडत असणार. याला बऱ्याचदा गोळ्याच कारण असतात, बीपीच्या, प्रोस्टेटच्या, लघवी जास्त व्हावी म्हणून दिलेल्या, तेव्हा घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, मनाने बंद मात्र करू नका. होल्टर नॉर्मल आलं म्हणून पण निवांत होऊ नका, त्या दिवशी चक्कर आलीच नसेल तर दिसणार काय?

आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखर, पाणी काही घालू नका हो, श्वासनलिकेत जातं. आडवं झोपवा, पाय उंच करा. ज्याने पडताना बघितलं त्यालाच डॉक्टरांकडे सोबत न्या.