खाजकुइलीची खाज वेगळी का?

पावसाळा सरला की ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात पायवाटांलगत एक वेल झुडपांवर चढलेली दिसते. आधी गडद जांभळ्या फुलांचे घोस लोंबतात, मग चिंचेसारख्या वळलेल्या शेंगा धरतात. वाळत आल्या की त्यांच्यावर सोनेरी-तपकिरी मखमल चढते, आणि लहान मुलांचा हात नेमका तिकडेच जातो. हीच खाजकुइली. कुणी तिला कुयली म्हणतं, कुणी खाजकुइरी. संस्कृतात ती कपिकच्छू, म्हणजे माकडाला खाजवायला लावणारी. तिचं दुसरं नाव मला जास्त आवडतं: आत्मगुप्ता, स्वतःला स्वतःच राखणारी.

ती मखमल म्हणजे बारीक, टोकदार कुसं. वाऱ्यानेही ती उडतात, म्हणून वाळलेल्या शेंगांखाली उभं राहू नये. कातडीत रुतली की त्यांतलं म्युक्युनेन नावाचं, प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) कामाला लागतं. त्याचा शोध १९५५ सालचा. पण ते खाज कशी उठवतं, हे २००८ मध्ये नीट उलगडलं: कातडीतल्या चेतातंतूंवरच्या ठरावीक ग्राहींना, म्हणजे संदेश टिपणाऱ्या रेणूंना, ते डिवचतं. ही खाज हिस्टामिनच्या, म्हणजे ॲलर्जीत खाज उठवणाऱ्या रसायनाच्या, वाटेने येत नाही, त्यामुळे ॲलर्जीची नेहमीची गोळी तिच्यापुढे फारशी चालत नाही.

आग्याचं तंत्र निराळं. सह्याद्रीत पावसाळ्यात वाढणाऱ्या या झाडाचा प्रत्येक केस जणू इंजेक्शनची सुई असतो. काचेसारखं ठिसूळ टोक धक्क्याने तुटतं आणि आतला रस कातडीत उतरतो. त्यात हिस्टामिन असतं, म्हणून लगेच आग होते, गांधी उठतात. एरंडाच्या कुळातली खाजकोलती तर कॅल्शियम ऑक्झलेटचा सुईसारखा स्फटिकच टोचते. तिन्ही झाडं एकमेकांच्या नात्यातली नाहीत, तरी ‘खाजरी लागली’ एवढंच म्हणून आपण मोकळे होतो.

खाजकुइली लागली तर चोळू नका, चोळल्याने कुसं पसरतात आणि खोल जातात. गावाकडे शेण फासायची रीत आहे, पण खाजवून सोललेल्या कातडीवर शेण नकोच, धनुर्वाताची भीती असते. त्यापेक्षा चिकटपट्टी हलकेच दाबून ओढा, नव्या पट्टीने पुन्हा तेच करा आणि मग साबण-पाण्याने धुवा. अंगावरचे कपडे मात्र घरातल्या इतर धुण्यात टाकू नका.