टोलेडो: राजे बदलले, गवंडी तेच राहिले

मुस्लिम, ख्रिस्ती आणि ज्यू अशा ‘तीन संस्कृतींचं शहर’ अशी स्पेनमधल्या टोलेडोची जाहिरात होते. ऐकायला गोड आहे, पण तिथल्या इमारती जरा वेगळंच सांगतात.

माद्रिदच्या दक्षिणेला सुमारे ७० किलोमीटरवर, ताहो नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या टेकडीवर हे शहर आहे. व्हिसिगॉथ या जर्मन वंशाच्या राजांची ही राजधानी आठव्या शतकाच्या सुरुवातीला मुस्लिम फौजांनी घेतली, १०८५ मध्ये कॅस्टिल या ख्रिस्ती राज्याच्या सहाव्या अल्फोन्सोने. राज्य गेलं, तरी विटा रचणारे आणि गिलाव्यात नक्षी कोरणारे कारागीर शहरातच होते. नव्या धन्यांनी त्यांनाच कामाला लावलं. ख्रिस्ती अमलाखाली घडलेली ही अरबी वळणाची शैली म्हणजे मुदेखार.

बाब अल-मर्दूम मशीद पाहा. जेमतेम आठ मीटर लांब-रुंद, पण आत नऊ खण आणि प्रत्येक खणाचं छत निराळ्या घाटाचं. दर्शनी भिंतीवर विटांच्याच अक्षरांत हिजरी ३९० सालचा, म्हणजे इ.स. १०००च्या सुमाराचा, अरबी लेख आहे. पुढे तिचं चर्च झालं, तेव्हा जोडलेला अर्धगोल गाभाराही विटांचा आणि तशाच कमानींचा.

सिनेगॉगांची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळांची, कहाणी जास्त बोचरी आहे. सांता मारिया ला ब्लांकाचं नावच चर्चचं. आत मात्र नालाकृती पांढऱ्या कमानींच्या रांगा, एखाद्या मशिदीत शोभाव्यात अशा. एल त्रान्सितो हे दुसरं सिनेगॉग कॅस्टिलच्या पेद्रो राजाचा खजिनदार सॅम्युएल हा-लेवी याने १३५०च्या दशकात बांधवून घेतलं. गिलाव्यावर हिब्रू वचनं, अरबी अक्षरं आणि कॅस्टिलची राजचिन्हंही. त्या निष्ठेचा उपयोग झाला नाही. त्याच राजाने त्याला कैदेत टाकलं आणि छळातच तो मेला. १४९२ मध्ये ज्यूंना देशाबाहेर काढल्यावर ही वास्तू कलात्राव्हाच्या लष्करी धर्मसंघाकडे गेली. एकत्र नांदणं होतं, पण राजाच्या मर्जीवर.

मुख्य मशिदीच्या जागी १२२६ पासून कॅथेड्रल उभं राहू लागलं. घाट फ्रेंच गॉथिक, तरी वरच्या सज्जात एकमेकींत गुंफलेल्या मुदेखार कमानी शिरल्याच.

१५६१ मध्ये स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने दरबार माद्रिदला हलवला. पैसा गेला, त्याबरोबर जुनं पाडून नवं बांधायची हौसही ओसरली. माझ्या मते जुनं टोलेडो उरलं त्याचं मोठं कारण हेच. १९८६ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. अल्काझार किल्ला मात्र स्पेनच्या यादवी युद्धात, १९३६च्या वेढ्यात ढासळला. आज माथ्यावर दिसतो तो बराचसा नंतर पुन्हा उभारलेला आहे.