चिल्का सरोवराची कौटुंबिक सहल : आधी काठ ठरवा, मग मुक्काम

चिल्का सरोवराची चौकशी करणाऱ्या आमच्या बहुतेक ग्राहकांचे पहिले वाक्य ठरलेले असते. "पुरीचे हॉटेल आम्ही घेतलेले आहे, मधल्या एका दिवसात तुम्ही आम्हाला चिल्का दाखवून आणा." त्यापाठोपाठ यादी येते : डॉल्फिन, कालिजाई देवीचे बेट, नलबनचे पक्षी आणि जमल्यास काठावर निवांत जेवण. पुण्याहून ओडिशाच्या सहली आम्ही नेऊ लागलो तेव्हापासून दर हंगामात हीच यादी आमच्याकडे येते आणि ती एका दिवसात का पुरी होत नाही हे दूरध्वनीवर समजावण्यात दोन्ही बाजूंचा वेळ जातो. म्हणून हे माहितीपत्रक. नावनोंदणीची रक्कम भरण्यापूर्वी आणि विशेषतः हॉटेलचे आरक्षण करण्यापूर्वी ते घरातील सर्वांनी वाचावे, ही विनंती.

'चिल्का' हे एका ठिकाणाचे नाव आहे, असे धरून चालणे हीच मूळ चूक आहे. ओडिशात 'चिलिका' म्हटले जाणारे हे खाऱ्या-गोड्या पाण्याचे सरोवर पुरी, खोर्धा आणि गंजाम अशा तीन जिल्ह्यांत पसरलेले असून त्याची लांबी साठ किलोमीटरांहून अधिक आहे. पावसाळ्यात त्याचे पाणी साधारण 1,165 चौरस किलोमीटर पसरते आणि उन्हाळ्यात ते सुमारे 900 वर येते. म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे मिळून जेवढे होतात, त्याच्या जवळजवळ दीडपट ते आटलेल्या अवस्थेतही असते. एवढ्या पाण्याला अनेक काठ आहेत आणि प्रत्येक काठावर पाहण्याची वस्तू वेगळी आहे. एका काठाचे आकर्षण मनात धरून दुसऱ्या काठावर उतरलेल्या कुटुंबाची सहल तिथेच बिघडते.

पुरीला सर्वांत सोयीचा काठ सातपडाचा, रस्त्याने सुमारे पन्नास किलोमीटर. समुद्राला जोडणारा खाडीसारखा लांब प्रवाह याच बाजूला असल्याने इरावती डॉल्फिन मुख्यतः इथेच दिसतात. गाळाने मुख बुजत गेल्यामुळे नव्वदच्या दशकात सरोवराची प्रकृती खालावली होती. 1981 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आलेले हे सरोवर 1993 मध्ये धोक्यातील पाणथळ जागांच्या नोंदीत गेले. सप्टेंबर 2000 मध्ये सातपडाजवळ समुद्राकडे नवे मुख खोदण्यात आले, खारेपणा सावरला, मासळी परतली आणि 2002 मध्ये सरोवर त्या नोंदीतून बाहेर पडले. सातपडाहून नाव जिथपर्यंत जाते तो वाळूचा पट्टा आणि समुद्राचे मुख यांच्यामागची हकिगत ही अशी आहे. मात्र कालिजाईचे बेट इथून फार दूर पडते. धक्क्यावरचे नावाडी तिकडे न्यायला तयार होतात, हे खरे. पण त्या फेरीत जवळजवळ संपूर्ण दिवस उघड्या नावेत जातो आणि सोबत लहान मुले वा वृद्ध असल्यास तो आनंदाचा ठरत नाही.

कालिजाई आणि नलबनसाठी पश्चिमेचा बरकुल काठ धरावा लागतो. तो भुवनेश्वरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, बालुगावाजवळ, राष्ट्रीय महामार्गालगत आहे. तिथून मोटरबोटीने कालिजाईचे दर्शन घेऊन दीड-दोन तासांत परतता येते. सासरी निघालेली जाई नावाची नववधू वादळात नाव उलटून इथे बुडाली आणि पुढे तीच देवी झाली, अशी कथा स्थानिक नावाडी सांगतात; मकर संक्रांतीला या बेटावर मोठी यात्रा भरते. नलबन हे पक्षी अभयारण्य पावसाळ्यात पाण्याखाली असते आणि पाणी उतरल्यावर उघडे पडते. पक्ष्यांच्या हंगामात तिथे उतरता येत नाही, पक्षी नावेतूनच पाहावे लागतात. "उतरू दिले नाही" अशी तक्रार आमच्याकडे येते म्हणून हे आधीच लिहून ठेवतो.

आता वेळेचा हिशेब. सातपडा आणि बरकुल नकाशावर समोरासमोर दिसतात, पण रस्त्याने सरोवराला मोठा वळसा घालावा लागत असल्याने एवढ्यात अर्धा दिवस निघून जातो. सकाळी सातपडाला डॉल्फिन पाहून दुपारी बरकुलला कालिजाई गाठण्याचा आग्रह एका कुटुंबाने धरला आणि आम्हीही, नको त्या वेळी संकोच करून, तो मानला. ते धक्क्यावर पोहोचले तेव्हा शेवटची नाव परतत होती आणि सहा वर्षांचा मुलगा गाडीत झोपलेला होता. त्यानंतर हे दोन काठ एका दिवसात जोडण्याचे आम्ही बंद केले आहे. इतर काही सहल-आयोजक जोडून देतात आणि त्यांचा दर आमच्यापेक्षा कमी दिसतो, याची आम्हाला कल्पना आहे. आमच्या दरात बरकुलचा एक मुक्काम धरलेला असतो, फरक त्याचाच आहे.

पुण्याहून कोणार्क एक्सप्रेसने जाणाऱ्यांना यात एक सोय साधता येते, ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ही गाडी भुवनेश्वरच्या आधी सरोवराच्या काठानेच जाते आणि जाताना उजव्या हाताच्या खिडकीतून पाणी दिसते. भुवनेश्वर आणि पुरी गाठून पुन्हा उलट दिशेने शंभर किलोमीटर येण्यापेक्षा आधीच बालुगावला उतरून पहिला मुक्काम बरकुलला आणि नंतरचे पुरीला, असा क्रम ठेवल्यास प्रवास वाचतो. हॉटेलचे आरक्षण आधी झालेले असले की हा क्रम आम्हाला सुचवताही येत नाही.

निव्वळ सहकुटुंब डबा उघडून बसण्यासाठी मात्र आमची पसंती दक्षिणेकडील रंभाला आहे. गंजाम जिल्ह्यातील हा काठ टेकड्यांच्या कुशीत असून इथे गर्दी तुलनेने कमी असते, पाणी शांत असते आणि बेटे जवळ असल्याने नावेची फेरी लहान होते. ब्रेकफास्ट बेटावर जुन्या बंगल्याचे अवशेष आहेत. 'हनिमून बेट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बरकुडा बेटावर पाय नसलेल्या सरड्यासारखा एक प्राणी 1917 मध्ये प्रथम शास्त्रीय नोंदीत आला. तो दिसण्याची आशा अर्थातच धरू नये, पण मुलांना सांगायला गोष्ट चांगली आहे. खल्लीकोटजवळचे निर्मलझर हे झऱ्याचे देवस्थान आणि बरकुल-रंभा रस्त्याजवळचे नारायणी मंदिर ही दोन्ही ठिकाणे स्थानिक कुटुंबांच्या वनभोजनाची आहेत. त्यासाठी ओडियात 'बणभोजी' हा शब्द असून डिसेंबर-जानेवारीत रविवारी अशा जागी चुली, मोठी पातेली आणि ध्वनिवर्धक यांची दाटी होते. ज्यांना शांतता हवी, त्यांनी नाताळ ते संक्रांत हा काळ आणि सर्व रविवार टाळावेत.

उत्तरेच्या मंगलाजोडीबद्दल थोडक्यात. तिथे बांबूने ढकलायच्या होड्यांतून पक्षी अगदी जवळून दिसतात, परंतु बोलायचे नाही आणि हालचाल करायची नाही. पाच वर्षांच्या मुलाला घेऊन तिथे जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

डॉल्फिनविषयी वेगळे लिहिणे भाग आहे. चित्रफितींत उसळ्या मारणारा डॉल्फिन वेगळा. इरावती डॉल्फिनचे डोके बोथट असते, चोच नसते आणि तो श्वासापुरती पाठ वर काढून पुन्हा खाली जातो. सरोवरात ते साधारण दीडशेच आहेत. नाव त्यांच्या मागे पळवली की ते दूर जातात आणि पंख्याचे पाते लागून जखमी होण्याचा धोका असतो. म्हणून ठरावीक अंतरावर इंजिन बंद करून थांबणे ही आमची पद्धत आहे. आम्ही नावाड्याला तासांचे पैसे देतो, डॉल्फिन दिसण्याचे नाही. तेव्हा "अजून जवळ घ्या" असा आग्रह त्याला करू नये आणि वरचे पैसेही देऊ नयेत.

आम्ही सकाळी साडेसहाला धक्क्यावर यायला सांगतो, यावरही नाराजी असते. दुपारी वारा वाढतो, पाणी खवळते, उघड्या नावेत ऊन लागते आणि पाठ वर काढणारा डॉल्फिन लाटांत ओळखू येत नाही. मार्चनंतर दक्षिणेचा वारा जोर धरतो, त्यामुळे आम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढ्याच सहली घेतो. नाव एका कुटुंबासाठी स्वतंत्र असते आणि मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटे आम्ही सोबत आणतो, कारण धक्क्यावर ती मिळतीलच असे नाही. ती घालायला नकार देणाऱ्यांना, वडीलधाऱ्यांनाही, आम्ही नावेत घेत नाही.

समुद्रमुखाजवळच्या वाळूवर शिंपला डोळ्यांसमोर फोडून मोती काढून देणारे विक्रेते भेटतात; ते मोती आणि सोबतचे खडे विकत घेऊ नयेत. झिंगे व खेकडे घेताना वजनाचा दर आधी विचारावा आणि जेवण नावेत बसण्यापूर्वी सांगून ठेवावे, म्हणजे परतल्यावर तासभर थांबावे लागत नाही. शाकाहारी मंडळींसाठी वेगळी भांडी हवी असल्यास आम्हाला दोन दिवस आधी कळवावे.

चौकशी करताना तीन गोष्टी सांगाव्यात : सोबत सर्वांत लहान आणि सर्वांत वयस्कर कोण आहे, डॉल्फिन व कालिजाई यांपैकी एकच जमणार असेल तर काय सोडता येईल, आणि पुरीचे आरक्षण रद्द करता येण्याजोगे आहे का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असल्यास आम्ही सातपडाची सहल आखून देऊ, आणि कालिजाईचे नाव कार्यक्रमपत्रिकेत लिहिणार नाही.